चोर आम्हीच फोन करून बोलावला

अनोळखी फोन आला तर काय करायचं, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, 'साहेब बोलतोय' म्हणणाऱ्याला भीक घालायची नाही. मीही हे सगळं पाळतो. पण माझ्या बाबतीत त्या माणसानं मला फोन केलाच नव्हता. मी त्याला केला होता. वर घरी आल्यावर चहासुद्धा मीच विचारला.

जुलैचा दुसरा आठवडा. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची जुनी सोसायटी. पाऊस असा लागला होता की दोन दिवस खिडकी उघडायची सोय नव्हती. हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्या, दोऱ्यांवर चड्ड्या-बनियन, आणि घरभर तो ओला कुबट वास. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. त्यात वॉशिंग मशीन बंद पडलं. आत दोन चादरी, अभ्रे आणि नातवाचा युनिफॉर्म पाण्यात भिजतोय, दार उघडत नाही, आणि समोर एक अक्षर नि एक आकडा लुकलुकतोय.

आमचा नेहमीचा मेकॅनिक भाताच्या लावणीसाठी राजापूरकडे गावी गेलेला. दर जुलैत जातो, आणि तिकडे त्याचा फोन लागत नाही. ही म्हणाली, "अहो, कंपनीलाच फोन करा ना." मी मोबाइलवर कंपनीचं नाव, पुढे 'सर्व्हिस सेंटर मुलुंड' असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. त्याच्या डोक्यावर 'स्पॉन्सर्ड' असं बारीक अक्षरात होतं, ते माझ्या चष्म्याला तेव्हा दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी काही थांबलो नसतो, हेही खरं.

पलीकडे एक मुलगी होती. आधी कंपनीचं नाव घेऊन स्वागत, मग 'सर, आपकी क्या सहायता कर सकती हूँ'. मी मराठीत बोलायला लागलो तर तीही मराठीत आली. पत्ता घेतला, तक्रार क्रमांक दिला, व्हिजिट चार्ज ३५० रुपये सांगितला. चाळीस मिनिटांत माणूस दारात. धो धो पावसात, मुलुंडमध्ये, चाळीस मिनिटांत! अस्सल कंपनीचा माणूस 'उद्या दहा ते सहाच्या मध्ये कधीही' असतो आणि परवा येतो. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी उलट हिला म्हटलं, "बघ, सर्व्हिस सुधारली हो यांची."

निळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं नाव, गळ्यात ओळखपत्र. बूट बाहेर काढून भिंतीला नीट लावून ठेवले, हे पाहून आमची ही तिथेच विरघळली. त्यानं आधी मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं. आतून एक बारीक नळी ओढली, खाली परात मागितली आणि पाचसहा पराती पाणी काढलं. मग आतली कसलीशी पट्टी खेचून दार उघडलं. चादरी बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, अर्धं काम झालं. हे खालचं झाकण लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा येतो.

मग त्यानं वरचं झाकण काढलं, टॉर्च मारला, नाक आत घातलं आणि म्हणाला, "काका, जळका वास येतोय ना?" मी वास घेतला. यायला लागला. हिलाही आला. आज विचार करतो तर तिथे शिळ्या साबणपाण्याशिवाय कशाचाच वास नव्हता, पण त्यानं विचारलं असं की 'नाही' म्हणणं म्हणजे आपलंच नाक बाद. बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारा तो इलेक्ट्रॉनिक पीसीबी, काढून त्यानं माझ्यासमोर धरला. एका कोपऱ्यात काळा डाग. "बोर्ड उडालाय. नवीन घ्याल तर साडेअकरा हजार. वर्कशॉपला नेऊन रिपेअर केला तर ६,८००, सहा महिने वॉरंटी." मी घासाघीस केली. त्यानं कुणाला तरी फोन लावला, 'सिनियर सिटिझन आहेत' वगैरे रदबदली केली आणि आकडा ५,९०० वर आणला. नऊशे रुपये वाचवल्याच्या आनंदात मी क्यूआर कोड स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. "फ्रँचायझीचं अकाउंट आहे काका," तो म्हणाला. मी व्हिजिट चार्जसकट ६,२५० रुपये पाठवले.

आणि बोर्ड तो घेऊन गेला. पैसे गेले ते गेलेच, पण बोर्ड गेल्यामुळे मशीन दुसऱ्या कुणाला दाखवायचीही सोय उरली नाही. आपलीच वस्तू ओलीस. दोन दिवसांनी फोन केला तर 'सिस्टीममध्ये रिपेअर चालू दाखवतंय'. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन, बोर्डाबरोबर आणखी एक पार्ट खराब निघाला, ३,२०० पाठवा. नाही म्हटलं. सहाव्या दिवसापासून नंबर बंद.

तोवर बोर्ड येईल, येईल म्हणून आम्ही बादलीत चादरी पिळत होतो. मी एका टोकाला, ही दुसऱ्या.

नवव्या दिवशी मेकॅनिक गावाहून आला. त्यानं ऐकून घेतलं, काही बोलला नाही, मशीनपुढे उकिडवा बसला आणि तेच खालचं छोटं झाकण उघडलं. त्या नळीच्या अगदी शेजारी मुठीएवढं एक गोल बोंड असतं. त्यानं ते डावीकडे फिरवलं. घाण पाण्याबरोबर आधी एक केसाची पिन आली, मग दोन रुपयांचं नाणं, आणि मग चिखलात लोळल्यासारखा काळा झालेला नातवाचा एक मोजा, जो मे महिन्यापासून सापडत नव्हता. हा पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा फिल्टर. तो तुंबला की पाणी निघत नाही, पाणी निघालं नाही की मशीन पिळायला जात नाही आणि दारही सोडत नाही. बोर्ड बिचारा ठणठणीत असावा. काळ्या डागाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "मार्करनं पण होतं काका." मग म्हणाला, "त्यानं नळीला हात लावला आणि शेजारच्या बोंडाला नाही? त्याला सगळं ठाऊक होतं."

हे वाक्य मला ६,२५० रुपयांपेक्षा जास्त लागलं. त्या फिल्टरपासून चार बोटांवर माझ्यासमोर त्याचा हात होता, आणि मी परात धरून बसलो होतो. मेकॅनिकनं जुन्या मशीनचा एक बोर्ड शोधून आणून बसवला. त्याचे २,६०० आणि मजुरीचे ५०० मी मुकाट्यानं दिले.

मी छत्तीस वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होतो. लोकांची व्हाउचरं तपासणं हाच धंदा. तरी त्यानं दिलेलं बिल मी चष्मा लावून पाहिलं ते दहाव्या दिवशी. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचा २७, आणि पुढचे दहा म्हणजे त्या व्यावसायिकाचा पॅन. माझ्या बिलावर चौदाच होते आणि सुरुवात ०९ नं, म्हणजे उत्तर प्रदेश. पत्ता 'अंधेरी एमआयडीसी', ना गाळा नंबर, ना रस्ता. ऑफिसात कुणी हे बिल माझ्यापुढे ठेवलं असतं तर मी टेबलावरून भिरकावलं असतं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही क्रमांक टाकून खरा-खोटा पाहता येतो. दोन मिनिटांचं काम, पण ते पैसे देण्याआधी करायचं असतं.

मग मशीनच्या मागे चिकटवलेल्या स्टिकरवरचा नंबर लावला. १८०० नं सुरू होणारा, टोल फ्री. तिथल्या माणसानं आधी मॉडेल आणि सीरियल नंबर विचारला, मग मोबाइल नंबर. म्हणाला, तुमची कुठलीच तक्रार आमच्याकडे नोंदलेली नाही. त्या गोड आवाजाच्या मुलीनं मला मॉडेल विचारलंच नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. कुठलं मशीन आहे याच्याशी तिला काय देणंघेणं? तिला फक्त पत्ता हवा होता.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. व्यवहाराची तारीख, वेळ, बँक आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारला, तक्रार नोंदली, मेसेजही आला. पण नऊ दिवस उलटून गेले होते. फसवणूक कळल्याबरोबर, तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते. पोलीस चौकीतल्या हवालदारानं अर्ज नीट घेतला, पण हसून म्हणाला, "काका, सामान तुम्ही दिलंत, पैसे तुम्ही दिलेत, चहा पण पाजलात." वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्या माणसाच्या नावापुढे मोबाइल नंबर होता. नऊ आकडी.

खरी मजा पुढे. जिन्यात उभा राहून मी हे शेजाऱ्यांना सांगितलं तर एकेक जण तोंड उघडायला लागला. एकाचा फ्रिज, 'गॅस भरायला' म्हणून साडेतीन हजार. एकाचा गीझर. सगळ्यांनी नंबर असाच शोधलेला, आणि सगळे लाजेनं गप्प बसलेले. एकाच इमारतीत चार घरं फसली, आणि वर्षभर कुणी कुणाला बोललं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची गोष्ट तर सांगायलाच हवी. पाण्याच्या फिल्टरच्या सर्व्हिसिंगला आलेल्या माणसानं त्यांच्या ओट्यावर दोन ग्लास ठेवले, एकात नळाचं पाणी, एकात फिल्टरचं. दोन्हीत सळ्या असलेलं एक यंत्र बुडवून प्लग लावला. मिनिटभरात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, वर गाळाची साय. फिल्टरचं पाणी स्वच्छ. "हे पाणी तुमच्या कॉर्पोरेशनचं, आणि तुमच्या फिल्टरची मेम्ब्रेन पण जायला आली," असं म्हणून ७,४०० रुपयांचे पार्ट बदलले. आमची सून शाळेत विज्ञान शिकवते. तिनं सांगितलं, त्या सळ्या लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, आणि सळ्यांचंच लोखंड पाण्यात उतरून गंजतं. फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तसंच झालं असतं. भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं पाणी. त्यातलं बरंचसं आमच्यापासून दोनच स्टेशनांवर, भांडुपला, शुद्ध होऊन येतं. आणि आम्ही मुलुंडकर ते पाहून ओट्याशी घाबरतो!

आता सोसायटीत आम्ही एक केलंय. प्रत्येक घरात फ्रिज, मशीन, फिल्टर जे काही असेल त्याच्या स्टिकरवरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा नंबर जाड पेननं लिहून त्याच वस्तूला चिकटवलाय. नंबर मोबाइलवर शोधायचाच नाही, कारण जाहिरात पैसे भरून कुणीही देतो, आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाचा फोन नंबर बदलायला सुचवण्याची सोयसुद्धा कुणालाही असते. पार्ट घराबाहेर न्यायचा असेल तर त्यावर आपली सही आणि फोटो, आणि पैसे काम झाल्यावर. खोट्या नंबरची तक्रार सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या विभागात करता येते, ती मी केली. ग्राहकांची हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे समोरचा विक्रेता खरा असावा लागतो. माझ्याकडे चौदा आकड्यांचं भूत होतं.

तीन आठवड्यांनी दुपारी एक फोन आला. आवाज पुरुषाचा, अगदी अदबशीर. "सर, तुमची तक्रार आमच्या हेड ऑफिसला आली. ५,९०० चा रिफंड मंजूर झालाय. मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच जमा." पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो फक्त जायला, एवढं मला ठाऊक होतं. पण माझा हात क्षणभर थांबला हे कबूल करतो. रिफंड हा शब्दच तसा आहे. ही शेजारी बसून मोजे घडी करत होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "पैसे राहू दे रे बाळा. आमचा बोर्ड कुठाय?"

फोन कट झाला.