रोजचे स्निपेट कुठे ठेवावेत: बॅशआरसीतलं फंक्शन की बिनमधली स्क्रिप्ट?

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे लिनक्सच्या कमांडचे चार-सहा ओळींचे तुकडे, म्हणजे स्निपेट, साठतात. फाइलला हात लावण्याआधी तारखेसह प्रत काढणं, कुठल्या डिरेक्टरीने डिस्क भरली ते पाहणं, सर्टिफिकेट कधी संपतंय ते विचारणं. ते बॅशआरसीत (कमांड चालवणारा शेल, म्हणजे बॅश, सुरू होताना वाचतो ती फाइल) फंक्शन म्हणून टाकावेत की बिनमध्ये (चालवायच्या फाइलींची डिरेक्टरी) एकेक स्क्रिप्ट-फाइल करून, एवढाच प्रश्न. एलियस, म्हणजे कमांडला दिलेलं टोपणनाव, मी या निवडीत धरत नाही. त्याला दिलेलं आर्ग्युमेंट (फाइलचं नाव वगैरे) फक्त शेवटी चिकटतं. शिवाय दुहेरी अवतरणात $(डेट) लिहिलं तर एलियस वाचला गेला त्या क्षणाचीच तारीख त्यात गोठते.

फंक्शनची बाजू आधी, कारण ती कमजोर नाही. जे काम चालू शेलमध्येच बदल करतं, ते स्क्रिप्टला जमत नाही. डिरेक्टरी बनवून लगेच तिच्यात सीडी करणारा, म्हणजे जाणारा, दोन ओळींचा तुकडा घ्या. स्क्रिप्ट केली तर सीडी होतं, पण ते चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे शेलने सुरू केलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, आणि तुम्ही आहात तिथेच राहता. एक्स्पोर्ट करायचे व्हेरिएबल, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करणं, ही सगळी फंक्शनचीच कामं. वेग म्हणाल तर दर वेळी नवी प्रोसेस उभी राहते हे खरं, पण हजारो फेऱ्यांचा लूप नसेल तर मला तरी फरक जाणवत नाही.

माझ्यासाठी काटा झुकला तो सुडोमुळे, म्हणजे रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने कमांड चालवून देणाऱ्या प्रोग्राममुळे. समजा ‘बॅक’ नावाचं फंक्शन आहे: सीपी -एने प्रत काढून फाइलच्या नावामागे टिंब आणि तारीख जोडतं. स्वतःच्या फाइलवर छान चालतं. पण प्रत काढावीशी वाटते ती बहुतेक /ईटीसीमधल्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या) फाइलची, आणि तिथे सुडो बॅक म्हटलं की ‘कमांड नॉट फाउंड’. सुडो हा वेगळा प्रोग्राम. तो डिस्कवरची एक्झिक्युटेबल फाइल शोधतो, तर फंक्शन फक्त त्या एका बॅशच्या मेमरीत असतं. यावरचे उपाय सगळे वळसे घालणारे. एलियसमध्ये सुडोनंतर मोकळी जागा सोडायची युक्ती पुढच्या एलियसला लागू पडते, फंक्शनला नाही. एक्स्पोर्ट -एफने फंक्शन चाइल्ड बॅशला मिळतं, पण सुडोपलीकडे पोचत नाही. सुडो बॅश -सीमध्ये डिक्लेअर -एफचं आउटपुट (फंक्शनचा मजकूर) कोंबलं की चालतं खरं, पण मग स्निपेट ठेवून टाइपिंग कुठे वाचलं? फाइंड -एक्झेक, एक्सआर्ग्स, टाइमआउट, वॉच, दुसरी कमांड चालवून देणाऱ्या या सगळ्यांकडे हीच कटकट. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने थेट कमांड दिली तरी तेच: उबुंटूची बॅशआरसी सुरुवातीलाच शेल इंटरॅक्टिव्ह आहे का बघते आणि नसेल तर तिथूनच परत फिरते, खालच्या फंक्शनपर्यंत पोचतच नाही.

अर्थात फाइल घरच्या ~/बिनमध्ये ठेवली तरी सुडोला ती दिसत नाही, कारण सुडोअर्स या सुडोच्या सेटिंग-फाइलमधला सिक्युअर-पाथ तुमचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी) बाजूला सारतो. म्हणून सर्व्हरवर जागा /यूएसआर/लोकल/बिन. सुडो इन्स्टॉल -एम ७५५ म्हणून फाइल तिथे टाकायची, मालक रूट. घरातली फाइल सुडोने चालवणं तसंही बरं नव्हे. तुमच्या खात्यातली कुठलीही प्रोसेस ती बदलू शकते. डेबियन-उबुंटूच्या सिक्युअर-पाथमध्ये ही डिरेक्टरी असते, रेड हॅट घराण्यात व्हिसुडोने ती सेटिंग-फाइल उघडून खात्री करून घ्या.

‘बॅक’बद्दल जाता जाता: नुसती तारीख जोडली तर त्याच दिवशीची दुसरी प्रत पहिलीवर बसते, म्हणून तास-मिनिट-सेकंदही घ्या. आणि डेबियनवर एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या साइट्स-एनेबल्डमध्ये प्रत ठेवू नका. तिथली प्रत्येक फाइल वाचली जाते, प्रतही, आणि मग एकाच सर्व्हरनावाचे दोन ब्लॉक भांडतात. त्याच्याच कॉन्फ.डीमध्ये मात्र ज्या नावाच्या शेवटी .कॉन्फ आहे तेवढ्याच फाइली घेतल्या जातात, त्यामुळे तारीखवाली प्रत निरुपद्रवी.

फंक्शनचा आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. नेटवरून उचललेल्या तुकड्यात एक्झिट असेल आणि तो तसाच फंक्शनमध्ये घातला, तर चूक झाल्यावर फंक्शन नव्हे, अख्खं सेशन बंद होतं. तिथे रिटर्न हवं. सेट -ई (चूक होताच थांब) त्याहून वाईट: ते तुमच्या शेललाच लागू राहतं, आणि नंतर एखाद्या ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) काही सापडलं नाही तरी टर्मिनल जातं. स्क्रिप्टमध्ये दोन्ही बिनधास्त वापरता येतात, वर शेलचेक हे चुका दाखवणारं साधनही फाइलवर सरळ चालतं.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सेवेत) तर फंक्शन नाहीच. स्क्रिप्टलाही पूर्ण पाथ द्या, कारण डेबियनवर क्रॉनचा पाथ /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. तारखेचा फॉरमॅट थेट क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत लिहिला तर % म्हणजे नवी ओळ धरली जाते आणि कमांड मधेच तुटते. फाइलमध्ये ठेवला की तो प्रश्नच येत नाही.

स्क्रिप्टचे जाच वेगळे. पहिल्या ओळीत बॅशचं नाव स्पष्ट हवं. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हा दुसरा शेल, त्याला बॅशचे ॲरे कळत नाहीत. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलच्या ओळींमागे सीआर हे न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं. नाव ‘टेस्ट’ ठेवलं तर शेलचं स्वतःचं टेस्टच चालतं, म्हणून नाव पक्कं करण्याआधी टाइप -ए करून ते आधीच वापरात आहे का बघा. आणि स्क्रिप्ट चालू असताना तीच फाइल जागच्या जागी बदलू नका. बॅश ती थोडी थोडी वाचत पुढे जातो, मधेच भलतीच ओळ चालवू शकतो. नवी फाइल लिहून एमव्हीने (फाइल हलवणाऱ्या कमांडने) जागेवर आणा.

दिवसभर स्वतःच्या लॅपटॉपवर असाल, सुडो क्वचित लागत असेल, तर फंक्शनं पुरतील आणि त्यात गैर काही नाही. सर्व्हरवर मात्र सीडी किंवा एक्स्पोर्ट करणारी तेवढी बॅशआरसीत ठेवून बाकी सगळं मी बिनमध्येच टाकेन.