चीनची वाट की आपली? दालमिलचा निर्णय घेणाऱ्या पोरांसाठी

दसऱ्यानंतर मारुतीच्या पारावर आमच्या गावातल्या अकरा पोरांची बैठक झाली. प्रत्येकी पन्नास हजार टाकून तुरीची छोटी दालमिल उभी करायची, की छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनसारखी मोठी औद्योगिक वसाहत आपल्या तालुक्यात येईल म्हणून थांबायचं, एवढाच विषय होता. बोलता बोलता गाडी चीनवर गेली. "तिथल्यासारखं सरकार असतं तर कारखाना दारात आला असता," असं एकजण म्हणाला आणि निम्म्यांनी माना डोलावल्या. मी ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून दोन्ही देश शेजारी ठेवून मांडायचं काम माझ्याकडं आलं.

डॉलरच्या हिशेबात 1980 साली चीनचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा थोडं कमीच होतं. आज ते आपल्या जवळपास पाचपट आहे. हे आकडे तुम्हाला मोबाईलवर सापडतात, पण त्यांच्या आधीचा भाग सहसा कुणी सांगत नाही. 1978 नंतर आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा चीनमध्ये साधारण तीनातले दोघं लिहू-वाचू शकत होते. आपल्या 1981 च्या जनगणनेत साक्षरता 44 टक्क्यांच्या आत होती आणि बायकांमध्ये तर 30 टक्क्यांच्या आसपास. कारखाने आले तेव्हा त्यांच्याकडं यंत्रावरची सूचना वाचू शकणाऱ्या पोरी गावोगाव होत्या. आपल्या गावात त्या काळी सातवीच्या पुढं गेलेल्या मुली मला बोटांवर मोजता यायच्या.

आता सुरुवात कुठून झाली ते बघा. 1978 च्या हिवाळ्यात अनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी गुपचूप एक कागद केला. सामुदायिक जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारला द्यायचा धान्याचा ठरलेला कोटा भरायचा, उरलेलं धान्य ज्याचं त्याचं. पुढाऱ्याला तुरुंगात टाकलं तर त्याची लेकरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात होतं. सह्या-अंगठे झाले. त्याच डिसेंबरात बीजिंगमध्ये चीनचे नेते देंग शियाओपिंग यांच्या गटानं सुधारणांची दिशा ठरवली, आणि काही वर्षांतच ही वाटणी देशभर लागू झाली. 1979 साली सरकारनं धान्याचा खरेदी भाव सरासरी 20 टक्क्यांनी वाढवला आणि कोट्यापेक्षा जास्त दिलेल्या धान्याला आणखी 50 टक्के जास्त दिले. ग्रामीण माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न 1978 मध्ये 134 युआन होतं, ते 1984 मध्ये 355 युआन झालं. जमिनीची मालकी मात्र आजही गावाच्या सामूहिक संस्थेकडंच आहे. कसणाऱ्याच्या नावचा सातबारा तिथं नाही.

आपल्या 1991 च्या सुधारणांची सुरुवात तिजोरीतून झाली. परकीय चलन दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. रिझर्व्ह बँकेचं जवळपास 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. नरसिंह रावांच्या सरकारनं जुलैमध्ये रुपयाचं अवमूल्यन केलं आणि मनमोहन सिंगांच्या अर्थसंकल्पाच्याच दिवशी बहुतेक उद्योगांना लायसन्स घ्यायची सक्ती उठली. देश सावरला, पुढं वेगानं वाढला, हे मान्यच करायला हवं. पण त्या सुधारणा शेतकऱ्याच्या मालापर्यंत आल्याच नाहीत. तुरीचंच घ्या: 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी साठ्याची मर्यादा लागली आणि आयात मोकळी राहिली. भाव चढायला लागला की सरकारचा हात पहिल्यांदा आपल्याच पोत्यावर पडतो. माझं यावर ठाम मत आहे: चीननं शेतकऱ्याच्या खिशात आधी पैसा घातला, आपण तो क्रमच उलटा लावला.

तुमच्या कामाचा खरा भाग आता येतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळू लागल्यावर चीनमध्ये वाढले ते गाव-कसब्यांचे कारखाने. विटा, खतं, कापड, बटणं, पंख्याचे सुटे भाग. 1978 मध्ये त्यांत सुमारे 2.8 कोटी लोक होते, 1996 पर्यंत साडेतेरा कोटींच्या आसपास. नफा गावाकडंच राहायचा, म्हणून गावचे अधिकारी परवानगीसाठी खेटे घालायला लावायच्याऐवजी स्वतः गिऱ्हाईक शोधत फिरायचे. याची दुसरी बाजूही आहे. स्थानिक बँकांवर दबाव टाकून कर्जं उचलली गेली, नद्या नासल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी असे कितीतरी कारखाने विकले गेले किंवा बंद पडले.

आपण लहान उद्योगाला वेगळ्या तऱ्हेनं जपलं. आठशेहून जास्त वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या, पण यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीला मर्यादा घातली. मोठं झालात की सवलत गेली. मग मोठं कोण होणार? शेवटच्या वस्तूंवरचं हे आरक्षण 2015 साली उठलं, तोवर चिनी माल आपल्या आठवडी बाजारात पोचला होता. मिल टाकलीत तर अनुदानाच्या अटीत बसण्यासाठी ती लहान ठेवू नका.

आणि मोठ्या वसाहतीची वाट बघणाऱ्यांनी नकाशा उघडावा. चीनची 1980 ची चारही विशेष आर्थिक क्षेत्रं, शेनझेन, झुहाई, शांतोऊ आणि शियामेन, समुद्रकाठची, हाँगकाँग, मकाव आणि तैवानच्या शेजारची. आतल्या गुइझोऊसारख्या प्रांतांना शेनझेन मिळालं ते तिथं मजूर म्हणून जाऊनच. पश्चिमेकडच्या विकासाची मोहीम 2000 च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे वीस वर्षांनी. आपला मराठवाडाही बंदरापासून आत आहे. वाळूज वाढलं, शेंद्रा वाढतंय, पण तिथून आमच्या तालुक्यापर्यंतचं अंतर वीस वर्षांचं असू शकतं.

स्थलांतर तर दोन्हीकडं आहे. चीनमध्ये हुकोऊ नावाची नोंदणी आहे, 1958 पासूनची. गावची नोंद असलेला मजूर शहरात राबतो, पण लेकराला तिथल्या सरकारी शाळेत घालणं मुश्किल. म्हणून कोट्यवधी मुलं आजी-आजोबांकडं गावात राहिली. आपल्याकडं कुठलाही कायदा अडवत नाही, तरी दिवाळी झाली की शाळेचा हजेरीपट बघा. माझा भाऊ बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शिक्षक होता. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं ट्रॅक्टरवर पत्रे, चूल, शेळी आणि लेकरं चढवून साखर कारखान्याकडं निघाली की चौथीच्या वर्गातली अर्धी नावं एप्रिलपर्यंत नुसती गैरहजर. त्यातली एक पोर जाताना पाटी त्याच्याकडं ठेवून गेली होती, "परत आले की द्या" म्हणून. ती परत आली तेव्हा तिच्याहून लहान मुलं पुढच्या धड्यावर होती.

"चीनसारखं सरकार" म्हणणाऱ्या पोराला मला आमच्या मायची गोष्ट सांगायची आहे. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. हाताला फोड, वर चिंध्या बांधलेल्या. संध्याकाळी मजुरी, लेकरांना सुकडी. लाल मिलो ज्वारीची भाकरी नरड्याखाली उतरत नव्हती, पण चूल पेटत होती. मोर्चे निघत होते, विधानसभेत आरडाओरड होत होती, पेपरात छापून येत होतं, म्हणून कामं निघाली, आणि त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. चीनमध्ये 1959 ते 61 या काळात कोट्यवधी माणसं उपाशी मेली, कारण वरच्यांना पिकाच्या उत्पादनाचे खोटे आकडे जात होते आणि खालून ओरडायची सोय नव्हती. जलद वाढीसाठी ती सोय देऊन टाकायला मी तयार नाही.

आजही तिथं सगळं सुरळीत नाही, तेही थोडक्यात सांगतो. चीनची लोकसंख्या 2022 पासून घटते आहे, घरबांधणीचा धंदा अडकला आहे, आणि जमिनी विकून चालणाऱ्या तिथल्या स्थानिक सरकारांवर कर्ज चढलं आहे.

तर माझा कौल मिलच्या बाजूनं आहे. वसाहत आली तर तिला डाळ विकता येईल, नाही आली तर लातूरचा बाजार आहेच. अट दोनच गोष्टींची. अकरा जणांत एकही बाई नाही. बचत गटातल्या चौघींना भागीदार करून घ्या, हिशेबाची वही त्या तुमच्यापेक्षा नीट ठेवतात. आणि कर्जाच्या अर्जाआधी महिनाभर रोज लिहून ठेवा की थ्री-फेज लाइट किती वाजता येते आणि किती वाजता जाते. ती वही घेऊन या, मग यंत्र किती क्षमतेचं घ्यायचं ते ठरवू.