कमोडोर ६४ ची फ्लॉपी: मूळ ड्राइव्ह की फ्लक्स-वाचन?

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या फ्लॉपीतला मजकूर आजच्या संगणकावर उतरवायचे हे दोन मार्ग. त्याचा मूळ १५४१ फ्लॉपी-ड्राइव्ह झूमफ्लॉपी या अडॅप्टरने यूएसबीला जोडला, की फ्लॉपीच्या एका बाजूचे ६८३ सेक्टर (माहितीचे छोटे तुकडे) सुमारे १७० केबीच्या डी६४ फाइलमध्ये, म्हणजे फ्लॉपीच्या डिजिटल प्रतीत, उतरतात. घरी लिहिलेल्या बेसिक प्रोग्रामांना एवढं पुरतं.

पीसीच्या फ्लॉपी-ड्राइव्हला जोडायचं ग्रीसविझल हे यूएसबी उपकरण मात्र फ्लॉपीवरच्या चुंबकीय बदलांमधला वेळच टिपतं; हेच फ्लक्स-वाचन. फाइल कितीतरी मोठी होते, पण कॉपी-प्रोटेक्शनही त्यात राहतं, आणि नीट न उलगडलेला ट्रॅक (फ्लॉपीवरचं एक वर्तुळ) पुढे कधीही, फ्लॉपीला हात न लावता, पुन्हा उलगडून पाहता येतो. अडचण फ्लॉपी उलटून वापरलेल्या दुसऱ्या बाजूची: फेरीची सुरुवात दाखवणारं इंडेक्सचं भोक जागेवर नसल्याने पीसीचे बरेच ड्राइव्ह तिथे अडतात.

बुरशी लागलेल्या फ्लॉपीसाठी मी फ्लक्सच निवडेन. साफ केल्यावरही तिचं प्रत्येक फिरणं शेवटचं ठरू शकतं. ड्राइव्ह कुठलाही असो, आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाच.