म्युच्युअल फंड की हेज फंड: पोर्टफोलिओ मॅनेजरने कुठे बसावं?

चार-पाच वर्षं विश्लेषक म्हणून काढली की हा प्रश्न समोर येतोच. ताळेबंद वाचून झाले, एक्सेलची मॉडेलं बांधून झाली, शिफारशी करून झाल्या. पैसा लावायचा निर्णय मात्र दुसऱ्याचा. आता तो आपण घ्यावा असं वाटतं, आणि दोन दारं दिसतात: म्युच्युअल फंड चालवणारी संस्था किंवा हेज फंड, म्हणजे निवडक श्रीमंतांचा आणि संस्थांचा पैसा कमी बंधनांत गुंतवणारा फंड. पदाचं नाव दोन्हीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर. बरेच जण पगाराचा आकडा बघून दार निवडतात. मी आधी एकच गोष्ट बघायला सांगतो: तुमची चूक तिथे कशाशी मोजतात?

म्युच्युअल फंडात ती बेंचमार्कशी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या बाजाराच्या निर्देशांकाशी मोजतात. निर्देशांक २० टक्के पडला आणि तुमचा फंड १५ टक्के, तर लोकांच्या शंभरातले पंधरा रुपये जाऊनही वर्षअखेरीस तुमची पाठ थोपटली जाते. हेज फंडात तेवढ्याच घसरणीवर हातात नारळ पडू शकतो. तिथे तुलना शून्याशी. बाजारच पडला हो, ही सबब चालत नाही, कारण शॉर्ट करायची, म्हणजे उसना शेअर आधी विकून पडल्यावर स्वस्तात परत घ्यायची, मुभा तुम्हाला होती.

यावरून म्युच्युअल फंड सोपा वाटेल. तसा तो नाही. समजा, एका शेअरचं निर्देशांकातलं वजन ८ टक्के आहे. तुम्हाला तो महाग वाटतो, पण मुळीच न घेण्याइतकी छाती होत नाही, म्हणून ५ टक्के ठेवता. बाकी बाजार जागेवर आणि हा शेअर ३० टक्के वर. तुम्ही त्यात कमावलंत, गुंतवणूकदारानेही कमावलं. तरी कामगिरीच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे उणे ०.९ टक्का, कारण ३ टक्के कमी बाळगलात. मनात नसलेला शेअर बाळगायचा आणि वर तो कमी बाळगला म्हणून बोलणी खायची! हे वर्षानुवर्षं सोसताना अनेक मॅनेजर हळूहळू निर्देशांकाचीच नक्कल करू लागतात. नोकरी टिकते, कामातली गंमत जाते.

हेज फंडातला त्रास वेगळ्या जातीचा. विकत घेतलेला शेअर चुकला तर तो पडत जातो, म्हणजे पोर्टफोलिओतला त्याचा वाटाही आपोआप लहान होतो. शॉर्ट चुकला की नेमकं उलटं. १०० ला शॉर्ट केलेला शेअर १५० ला गेला की तोटा तर झालाच, शिवाय ती पोझिशन दीडपट फुगलेली असते. तुमचं विश्लेषण वर्षभराने खरं ठरेलही, पण रिस्क विभागाचा फोन आज दुपारीच येतो. त्यात उसनवारी असली तर विचारायलाच नको. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे दोन भागीदार होते, दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी फंड इतका बुडाला की १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून तो सावरला. या माणसांच्या हुशारीवर कुणाला शंका नव्हती. दर एका डॉलरमागे पंचवीसेक डॉलर कर्ज असल्यावर बरोबर ठरेपर्यंत थांबायला वेळ उरत नाही, एवढंच.

आता पैशाचं. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ मध्ये पहिला मानला जाणारा हेज फंड सुरू केला, आणि नफ्यातला २० टक्के वाटा घेण्याची पद्धत त्यांच्यापासून रूढ झाली. पुढे त्याला २ टक्के वार्षिक शुल्क जोडलं गेलं. हल्ली दोन्हींत घासाघीस होते, पण हिशेबाची रीत तीच. १० कोटी डॉलरच्या फंडाला २० लाख शुल्क. वर्षात २ कोटी नफा झाला तर आणखी साधारण ४० लाख. म्युच्युअल फंडात संस्थेची कमाई मुख्यतः फंडाच्या आकारावर टक्केवारीने होते, तुम्हाला पगार आणि बोनस मिळतो. चांगल्या वर्षी दोन्हीकडच्या मॅनेजरच्या हातात पडणाऱ्या रकमेत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, हे कबूल.

पण वाईट वर्षाचं गणित फार जण मांडत नाहीत. हेज फंडात बहुधा ‘हाय वॉटर मार्क’ची अट असते: आधीचा उच्चांक पुन्हा गाठल्याशिवाय नफ्यातला वाटा नाही. १०० चे ८० झाले तर परत १०० वर यायला २० नव्हे, २५ टक्के लागतात. ती चढण दोन वर्षं चालली तर दोन वर्षं त्या वाट्यातून बोनस नाही. टीममधले चांगले लोक सोडून जातात, आणि मग अनेकदा फंडच गुंडाळला जातो. म्युच्युअल फंडात पडत्या वर्षीही शुल्क येतं, फक्त कमी. पोरंबाळं, घराचा हप्ता, म्हातारे आईवडील असं सगळं ज्याच्या एकट्याच्या पगारावर आहे, त्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

हेज फंडांतही एक मोठा पोटभेद आहे. एकाच छताखाली डझनांनी स्वतंत्र टीम असणाऱ्या मल्टी-मॅनेजर संस्थांमध्ये तुम्हाला भांडवल, डेटा, ट्रेडर सगळं तयार मिळतं. मोबदल्यात दोर आखूड. ठरलेल्या भांडवलावर काही टक्के तोटा झाला की भांडवल कापतात, आणखी थोडा झाला की टीम बंद. ही मर्यादा बहुतेकदा एक आकडीच असते. तीन वर्षं वाट बघून एखादी कंपनी पिकू देण्याचा ज्याचा पिंड आहे, त्याने तिथे जाऊन स्वतःचे हाल करून घेऊ नयेत.

सबुरीचा पिंड असणाऱ्यांसाठी म्युच्युअल फंड बरा, असं मला वाटतं. मात्र तिथेही सबुरी पूर्णपणे तुमच्या हातात नसते. बाजार गडगडला की गुंतवणूकदार पैसे काढायला लागतात आणि तुम्हाला त्याच दिवशी विकावं लागतं. विकलं जातं ते खरेदीदार मिळतो म्हणून, विकायला हवं म्हणून नव्हे. चांगले, सहज खपणारे शेअर आधी जातात; नको असलेले उरतात. शिवाय दिवसातला बराच वेळ वितरकांना आणि मोठ्या गुंतवणूकदारांना भेटण्यात जातो, ज्याची कल्पना विश्लेषकाच्या खुर्चीवरून येत नाही.

लौकिकाबद्दलही थोडं. पीटर लिंच यांनी १९७७ ते १९९० मॅगेलन हा म्युच्युअल फंड सांभाळला, वर्षाला सरासरी सुमारे २९ टक्के परतावा दिला आणि ४६ व्या वर्षी बाजूला झाले. बिल मिलर यांच्या म्युच्युअल फंडाने १९९१ ते २००५ अशी सलग १५ वर्षं एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाला मागे टाकलं. २००८ मध्ये तोच फंड ५५ टक्क्यांच्या आसपास पडला. म्युच्युअल फंडात तुमचा आलेख चारचौघांसमोर असतो, चांगला आणि वाईटही. हेज फंडातला मॅनेजर तुलनेने पडद्याआड असतो, पण सोडताना कामगिरीचा इतिहास सोबत नेता येईलच असं नाही.

दोन्ही धंद्यांच्या पोटावर पाय आणणारा तिसरा गडी म्हणजे इंडेक्स फंड: निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी तो आणला, तेव्हा थट्टा झाली. २००८ ते २०१७ या दहा वर्षांवर वॉरन बफे यांनी पैज लावली: एस अँड पी ५०० चा साधा इंडेक्स फंड विरुद्ध हेज फंडांत पैसे लावणारे पाच फंड. इंडेक्स फंड एकूण १२५.८ टक्के वाढला. पाचांतला सर्वांत चांगला ८७.७ टक्के. त्या पाचांवर शुल्काचे दोन थर होते, हे खरं. पण गुंतवणूकदार शुल्क वजा करूनच हिशेब करतो, आणि कमी शुल्काच्या या स्पर्धकाशी म्युच्युअल फंडाची टक्कर जास्त थेट आहे.

पात्रतेत फारसा फरक नाही. सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या व्यावसायिक पात्रतेच्या तीन परीक्षा आणि ४,००० तासांचा अनुभव दोन्हीकडे कामी येतो, पण खुर्ची त्यावर मिळत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा म्युच्युअल फंडात विचारा की बेंचमार्कपासून किती लांब जायची मुभा आहे, आणि कामगिरी एका वर्षाची बघतात की तीन-पाच वर्षांची. हेज फंडात विचारा: किती टक्के तोट्यावर भांडवल कापता, तो तोटा सुरुवातीच्या भांडवलापासून मोजता की उच्चांकापासून, आणि सोडल्यावर किती महिने दुसरीकडे काम करता येणार नाही. उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा. त्यावर समोरचा चुळबुळला तर मी तरी तिथे सही करणार नाही.