पे-पर-व्ह्यू बॉक्सिंग: ८५ डॉलरला एक लढत

एप्रिल २०२३ मधली जर्वोन्टा डेव्हिस–रायन गार्सिया आणि जुलैमधली क्रॉफर्ड–स्पेन्स, दोन्हींचा अमेरिकेतला पे-पर-व्ह्यू दर, म्हणजे घरी टीव्हीवर तेवढा एकच कार्यक्रम बघण्याचे वेगळे पैसे, होता ८४.९९ डॉलर. लढती दर्जेदार होत्या, त्याबद्दल वाद नाही. राग आहे तो विकण्याच्या पद्धतीचा.

प्रक्षेपण साधारण रात्री आठला सुरू होतं आणि मुख्य बॉक्सर रिंगमध्ये येईपर्यंत पूर्व किनाऱ्यावर साडेअकरा-बारा वाजतात. मधल्या अंडरकार्डवर, म्हणजे मुख्य लढतीआधीच्या लढतींमध्ये, बरेचदा प्रमोटरचा (लढती भरवणाऱ्याचा) होतकरू खेळाडू आणि त्याच्यासमोर हरण्यासाठीच आणलेला कोणीतरी. बजेटचा मोठा भाग मुख्य जोडीच्या मानधनात जातो, उरलेल्यात बाकीचं भागवतात. म्हणून मुख्य लढत फसली की सगळी रात्र फुकट. १९९५ मध्ये टायसन–मॅकनीली ८९ सेकंदांत आटोपली, तीही मॅकनीलीचा मॅनेजर रिंगमध्ये शिरला म्हणून.

पैसे परत मिळण्याची आशाही ठेवू नका. २०१५ च्या मेवेदर–पॅक्वियाओला एचडीसाठी ९९.९५ डॉलर मोजलेल्या प्रेक्षकांना नंतर कळलं की पॅक्वियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता. ते कोर्टात गेले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाचं म्हणणं पडलं की लढत बघायला मिळाली, म्हणजे पैशांचा मोबदला मिळाला.

सगळ्यात जास्त चीड येते ती दुहेरी वसुलीची. डॅझोन हे खेळांचं स्ट्रीमिंग अ‍ॅप २०१८ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा महिना ९.९९ डॉलर दर होता आणि पे-पर-व्ह्यूचे दिवस संपल्याची जाहिरात होती. पुढच्याच वर्षी दर १९.९९ झाला. मे २०२२ मध्ये कानेलो–बिवोलसाठी वर्गणीदारांकडूनच आणखी ५९.९९ घेतले, इतरांकडून ७९.९९. हा शब्द फिरवणं झालं, दुसरं काही नाही.

तरी घ्यायचंच असेल, तर ऑर्डर दुपारीच करा. २०१५ च्या मेवेदर–पॅक्वियाओला शेवटच्या तासात केबल टीव्हीवर इतक्या ऑर्डर आल्या की लढतच उशिरा सुरू करावी लागली. २०१७ च्या मेवेदर–मॅकग्रेगरला स्ट्रीमिंग कोलमडल्यावर तेच झालं. ज्या टीव्हीवर बघणार त्याच टीव्हीवर आधी लॉग-इन करून मोफत प्रीलिम्स (सुरुवातीच्या लढती) चालवून बघा, वायफायऐवजी इंटरनेटची केबल जोडा. स्ट्रीम प्रत्यक्ष लढतीच्या थोडं मागे असतं, त्यामुळे फोनचे नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर नॉकआउट आधी फोनवर कळेल. सोबत महिन्याची वर्गणी चिकटवलेली असेल, तर तिचं ऑटो-रिन्यू लगेच बंद करा.

अंडरकार्डवर निकालाचा अंदाज बांधता येणार नाही अशी किमान एक लढत नसेल, तर ८५ डॉलर देऊ नका. या दराशिवाय मोठी लढत परवडत नाही, असं प्रमोटर वर्षानुवर्षं सांगत आले. सप्टेंबर २०२५ मध्ये कानेलो–क्रॉफर्ड नेटफ्लिक्सच्या नेहमीच्या वर्गणीतच दाखवली गेली, वर एक डॉलरही न घेता.