रबाळ्याचा बिनपाटीचा गाळा: जुन्या सुपरचार्जरवाल्यांसाठी

जुनी मर्सिडीज कॉम्प्रेसर किंवा बीएमडब्ल्यूच्या काळातली पहिली मिनी कूपर एस ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी जिवापाड सांभाळत असेल, तर हा रिव्ह्यू त्याच्यासाठी आहे. टर्बोची कामं करणारे पुष्कळ आहेत. पण सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा लोटणारा पंप; मर्सिडीज त्यालाच ‘कॉम्प्रेसर’ म्हणते) खोलून, बेअरिंगं बदलून, आत फिरणारे दोन्ही रोटर परत जुळवून देणारा माणूस मला या पट्ट्यात एकच भेटला. रबाळे स्टेशनच्या पूर्वेला एमआयडीसीत शिरलात की आतल्या एका गल्लीत त्याचा गाळा आहे. गाळ्याला पाटी नाही आणि मालकांना नाव छापून आलेलं आवडत नाही, म्हणून इथेही देत नाही. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ‘कॉम्प्रेसरवाले मामा कुठे बसतात?’ एवढं विचारा. टपरीवाला हात करून दाखवतो.

माझी गाडी मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर, डब्ल्यू २०३ पिढीची, २००५ची. १७९६ सीसीचं एम २७१ इंजिन, १६३ अश्वशक्ती, २४० न्यूटन मीटर टॉर्क. आजच्या मानाने हे आकडे मोठे नाहीत. पण ही ताकद येते कशी, ते बघा. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, त्यामुळे आधी इंजिन पेटायला हवं, मग टर्बो. सुपरचार्जर सरळ क्रँकच्या पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की हवा हजर, दीड-दोन हजार आरपीएमपासूनच गाडी ओढ घेते, आणि बॉनेटखालून ती बारीक शिट्टी चढत जाते. मी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये उमेदीची सगळी वर्षं काढली. पट्टा, पुली, गिअर, बेअरिंग हे सगळं मला डोळ्यांनी दिसतं, हाताला कळतं. म्हणून ही गाडी घेतली आणि म्हणूनच विकत नाही.

वीस वर्षांच्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, वाजायला लागणं यात नवल नाही. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, खडखड, क्लच दाबला तरी तीच, आरपीएम वाढवले की गायब. दोन ठिकाणी दाखवली. एकाने एसीचं युनिट बदलायला सांगितलं. दुसऱ्याने ब्लोअर अख्खा नवा मागवायचा म्हटलं आणि जो आकडा सांगितला त्यात एक बरी सेकंडहँड हॅचबॅक आली असती. मग आमच्या वर्तकनगरच्या एका मित्राने मामांचं नाव काढलं.

मामांनी गाडी आत घेतली आणि पहिला अर्धा तास पाना उचललाच नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर एका टोकाला कानाशी, दुसरं टोक ब्लोअरच्या नाकावर, मग मागच्या झाकणावर, मग पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर. मग पट्टा काढला आणि पुली हाताने फिरवून बघितली. नंतर स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधायची. या इंजिनाची क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारी) रबरी नळी उष्णतेने तडकते, हे ते सांभाळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. तडकली की न मोजलेली हवा आत जाते आणि आयडल वर-खाली होतो. माझ्याकडेही धूर तिथूनच निघाला. मामा म्हणाले, “साहेब, ब्लोअरचं करूच. पण ही नळी आधी बदला, नाहीतर ब्लोअर नवा केल्यावरही तुम्ही मलाच शिव्या घालाल.” कॅमशाफ्टच्या मॅग्नेटमधून तेल पाझरून वायरिंगमध्ये चढतं, तेही त्यांनी कनेक्टर काढून तपासलं. टायमिंग चेनचा आवाज थंड इंजिनावर ऐकायचा म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. न सांगता एवढं बघणारा माणूस मला आवडतो.

ब्लोअर टेबलावर आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. ईटनचा एम ४५. नावातले ४५ म्हणजे घनइंच: एका फेऱ्यात तो साधारण ७३७ घनसेंटिमीटर हवा पुढे ढकलतो. आत अॅल्युमिनियमचे दोन रोटर, प्रत्येकाला तीन पाकळ्या, आणि त्या वेणीसारख्या पीळ घातलेल्या. हा पीळ हवेचे धक्के मऊ करण्यासाठी, म्हणजे आवाजही कमी. रोटर एकमेकांना शिवत नाहीत, कवचालाही शिवत नाहीत. मधली फट राखतात ते पुढचे दोन टायमिंग गिअर. हवा आत दाबली जात नाही, नुसती पुढे लोटली जाते. दाब तयार होतो तो पुढे मॅनिफोल्डमध्ये. मूळ कल्पना अमेरिकेतल्या इंडियानाच्या रूट्स बंधूंची, १८६०चं पेटंट, आणि ती गाडीसाठी नव्हतीच, भट्ट्यांना आणि कारखान्यांना हवा पुरवायला होती. मर्सिडीजने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरच्या गाड्या विक्रीला मांडल्या. माझ्या गाडीच्या डिकीवरच्या ‘कॉम्प्रेसर’ या अक्षरांमागे एवढी परंपरा आहे, आणि ती रबाळ्यात एका लोखंडी टेबलावर उघडी पडलेली बघताना मला फार बरं वाटलं.

मामांनी नाकाकडचं तेल एका बाटलीत काढलं. जुन्या ब्लोअरच्या तेलाला येणारा तो उग्र वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. आयुष्यभर पुरेल म्हणून भरलेलं हे तेल असतं, पण तेल काळं झालं होतं आणि कमीही झालं होतं. खडखड पुली-शाफ्ट आणि गिअर यांच्यामधल्या कपलरची होती. त्याची भोकं अंडाकृती झाली होती. पुढची बॉल बेअरिंगं खरखरत होती, मागची नीडल बेअरिंगं कोरडी पडली होती. मागची बेअरिंगं आंधळ्या, म्हणजे एका बाजूने बंद, भोकात बसलेली असतात, ती ठोकून निघत नाहीत. मामांनी त्यासाठी स्वतः लेथवर पुलर करून ठेवलाय. मी तो हातात घेऊन बघितला. चेंफर, नर्लिंग, सगळं टूलरूमच्या तोडीचं काम. गिअर काढले की रोटरची जुळणी जाते, म्हणून पुष्कळ जण तिथे हात घालत नाहीत. मामांनी आधी खुणा केल्या, गिअर काढले, बेअरिंगं प्रेसवर बसवली, आणि मग फीलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या, पात्या दोन रोटरांमध्ये सरकवत, एका बाजूची फट, दुसऱ्या बाजूची फट, परत पहिली, असं करत जुळणी लावली. दुपार त्यातच गेली. मधे कोणी गिऱ्हाईक आलं तर हेल्परला म्हणायचे, “त्यांना चहा दे, मी उठणार नाही.”

आता पुलीचं. हा विषय या गाळ्यावर निघाल्याशिवाय राहत नाही. ब्लोअरची पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो, बूस्ट म्हणजे हवेचा दाब वाढतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोहात पाडणारा बदल. रविवारी सकाळी इथे आमच्यासारखे पाच-सात जण जमतात, त्यांत कोपरखैरण्याचा एक जण आहे. नोकरीसाठी इंग्लंडमध्ये होता, तिथे त्याच्याकडे मिनी कूपर एस होती, आर ५३ पिढीची. १६०० सीसी, आणि ब्लोअर तोच एम ४५. त्याने १५ टक्के लहान पुली घातली होती, बरोबर थंड जातीचे प्लग आणि नवा पट्टा. विल्टशरमधल्या कासल कूम सर्किटवर ट्रॅक डेला जायचा. तो सांगतो आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकतो: पहिल्या दोन लॅप स्वर्ग, तिसरीपासून गाडी मंदावते. कारण मिनीचा इंटरकूलर, म्हणजे तापलेली हवा गार करणारा रेडिएटर, इंजिनाच्या डोक्यावर बसलेला, बॉनेटच्या फटीतून येईल तेवढीच हवा त्याला. ब्लोअर जितका जोरात फिरवाल तितकी हवा तापते, तापलेली हवा विरळ, आणि नॉकिंग (पेट्रोलचं अवेळी भडकणं) होऊ नये म्हणून इंजिनाचा मेंदू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. पिट लेनमध्ये बॉनेट उघडून उभं राहायचं, गार झाली की परत. “पण त्या दोन लॅप, काका,” एवढं म्हणून तो थांबतो, आणि मला कळतं त्याला काय म्हणायचंय.

मीही मामांना पुलीबद्दल विचारलं. ते म्हणाले, “घालून देईन. अर्ध्या तासाचं काम. पण तुमचा इंटरकूलर तोच, पंप तोच, चेन वीस वर्षांची, आणि तुम्ही जाणार घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये. कशासाठी?” मग कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करताना गाडी तपासणीला उभी राहते. ट्रॅकवरच चालवायची गाडी असेल तर ते मनापासून करतात. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगसाठी तयार केलेली गाडी मी त्यांच्याकडे बघितली आहे. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला मात्र ते दारातून परत पाठवतात. पाम बीच रोडवर रात्री कशा शर्यती चालायच्या ते नवी मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. मामांचं हे धोरण मला शंभर टक्के पटतं.

रविवारच्या मंडळींत टेंभी नाक्याचे एक पारशी काका आहेत. वय ऐंशीच्या आसपास. तरुणपणी फियाट ११०० घेऊन मद्रासजवळच्या सोलावरमला शर्यतीला जायचे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, वेबरचे कार्ब्युरेटर कुठून कुठून मिळवायचे, मागची सीट काढून टाकायची, आणि त्याच गाडीतून मद्रासपर्यंत जायचं, शर्यत करायची, त्याच गाडीतून परत यायचं. सोलावरम ही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. कासल कूमही मुळात विमानतळच. विमानांसाठी ओतलेल्या काँक्रीटवर दोन देशांतली पोरं गाड्या पळवायला शिकली, हे त्या दोघांच्या बोलण्यातून माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दोघांनाही थांबवून ते सांगितलं होतं.

काकांचं खरं प्रेम अल्फा रोमिओ १५९ या फॉर्म्युला वनच्या गाडीवर. दीड लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, दोन टप्प्यांचा सुपरचार्जर, ४००च्या वर अश्वशक्ती, १९५१ची जगज्जेती, स्टिअरिंगमागे फँजिओ. पण तिला पेट्रोल इतकं लागायचं की शर्यतीत थांबून टाक्या भरायला लागत. त्याच वर्षी सिल्वरस्टोनला गोंझालेझच्या बिनासुपरचार्जरच्या साडेचार लिटर फेरारीने तिला हरवलं. काका हे सांगताना अजून हळहळतात. कोपरखैरणेवाला मग लान्सिया ०३७ या रॅलीच्या गाडीचा विषय काढतो: सुपरचार्जर, मागच्या दोन चाकांना ताकद, आणि १९८३मध्ये ऑडी क्वाट्रोसारख्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीपुढे रॅलीचं उत्पादकांचं विश्वविजेतेपद. त्यानंतर फक्त दोन चाकांच्या ओढीवर मागून ढकलणाऱ्या गाडीला ते मिळालेलं नाही. यावर मामा हेल्परला सांगतात, “बघ, टर्बो थांबायला लावतो, हा लावत नाही. डोंगरात त्याचा उपयोग.” हेल्पर विशीचा आहे. तो हे सगळं ऐकतो आणि पुढच्या रविवारी स्वतःहून प्रश्न विचारतो. एवढ्यासाठी तरी हा गाळा चालला पाहिजे असं मला वाटतं.

त्रासाचंही लिहितो. फोन उचलत नाहीत, सरळ जावं लागतं. वेळ सांगतात त्याच्या दुप्पट धरा. माझ्या गाडीला महिन्याच्या आसपास लागला, त्यातला बराचसा बेअरिंगं आणि कपलर बाहेरून यायला. पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी तुंबतं, जमिनीपासून कमी उंचीची गाडी नेऊ नका. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ट्रकांची ये-जा सतत. खर्च नळी, पट्टा, तेल, बेअरिंगं, मजुरी सगळं धरून ४० हजारांच्या आत बसला. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत देतात आणि कागदावर हाताने सगळं लिहून देतात.

गाडी मिळाली त्या संध्याकाळी ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे आणली. खडखड नाही. आयडल सुईसकट स्थिर. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवर पाय हलकासा दाबला आणि ती ओढ पूर्वीसारखी, एकसंध, कुठेही अडखळ न होता आली. शिट्टीचा सूर स्वच्छ झालाय, आधी त्यात एक किरकिर मिसळलेली होती हे मला ती गेल्यावर कळलं. त्यानंतर पावसाळा होऊन गेला, पुण्याला फेऱ्या झाल्या, बोरघाटात गाडी भरलेली असताना चढवली. तेल मामांनी परत एकदा काढून बघितलं, स्वच्छ होतं.

शुक्रवारी गाळा बंद असतो. पहिल्यांदा जाताना गाडी आदल्या रात्रीपासून थंड ठेवून सकाळी लवकर न्या, चेनचा आवाज त्यांना तसाच ऐकायचा असतो. आधीच्या कामांची बिलं असतील तर बरोबर घ्या. आणि पुली लहान करायची म्हणून जात असाल, तर इंटरकूलरचं काय करणार आहात याचं उत्तर तयार ठेवा. मामा पहिला प्रश्न तोच विचारतात.