लाल वही आणि कालनिर्णय: फ्रीलान्स कामाचा हिशोब, वर्षभर वापरल्यानंतर

मुद्रितशोधन आणि भाषांतर, दोन्ही घरून करते. कुणी फर्म्यावर पैसे देतं, कुणी शब्दावर, कुणी ‘एकरकमी सांगा’ म्हणतं. दोन ॲप्स आणि एक एक्सेल शीट करून झाल्यावर गेल्या एप्रिलपासून वहीवर आले. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळते ती लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, वाण्याकडे असते तीच.

रकाने सहा: काम, कुणाचं, दर, दिल्याची तारीख, बिलाची तारीख, जमा. दर त्याच दिवशी लिहायचा, कारण फोनवर ठरलेला दर महिन्याभराने दोन्ही बाजूंना वेगवेगळा आठवतो. फर्मा म्हणजे १६ पानं हे सगळ्यांना मान्य असतं. मलपृष्ठाचा मजकूर त्यात धरायचा की नाही, यावरून वाजतं. तेही तिथेच टिपून ठेवते.

वहीचा खरा उपयोग महिनाअखेरीला. थकलेली बिलं पुढच्या पानावर हाताने उतरवायची, वर ‘मागील पानावरून पुढे’. शीटमध्ये थकलेली ओळ जागच्या जागी पडून राहते आणि डोळ्याला तिची सवय होते. इथे तेच नाव, तीच रक्कम तिसऱ्यांदा लिहिताना इतका वैताग येतो की आपसूक फोन लावला जातो. एका प्रकाशनाचं बिल असंच पानामागून पान पुढे सरकत होतं. शेवटी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले, तासाभरात चेक निघाला.

‘जमा’च्या रकान्यात टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर, वेगळा लिहा. बिल १८,००० चं आणि खात्यात १६,२०० आले, तर १० टक्के कापलेत. ते २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या विवरणात, दिसतात का, हे टिकमार्क करून ठेवलं की रिटर्नच्या वेळी शोधाशोध नाही.

मुदतींसाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाच्या खाड्यांशेजारीच लिहिते. दिवाळी अंकांचा हंगाम ऐन गणपतीत येतो आणि संपादकांना सगळं ‘उद्यापर्यंत’ हवं असतं. तेव्हा लाल तारखा समोर दिसत असल्या की फोनवरच नाही म्हणता येतं. १५ मार्चलाही गोल केलाय. प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने, म्हणजे खर्चाचा हिशोब न देता मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, कर भरणाऱ्यांची आगाऊ कराची तीच एकमेव तारीख.

तोटे आहेत. जुनं काम शोधायचं तर पानं उलटत बसा. पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि जेल पेनची शाई पसरते, साधं बॉलपेनच बरं. लोकलमध्ये ही वही काढण्याचा विचारही करू नका. प्रवासात आलेला फोन खिशातल्या डायरीत, घरी आल्यावर वहीत. आणि बॅकअप म्हणून महिन्याच्या पानांचे फोटो काढायचेच. दोघं-तिघं मिळून काम करत असाल, तर मात्र शीटच ठेवा.

वही दिवाळीला घेऊन पूजेत मांडायला हरकत नाही, पण पहिलं पान १ एप्रिललाच उघडा. एका आर्थिक वर्षाच्या दोन अर्ध्या वह्या पाहिल्या की सीए फी वाढवतो.